अद्भुत प्राण्यांची रहस्यकथा लिहायची कशी?

रहस्यकथा लिहायची आणि तिच्यात वेताळ, यक्ष, ड्रॅगन किंवा आपण स्वतः कल्पिलेला एखादा प्राणी आणायचा, असं ठरवलं की पहिली अडचण लगेच समोर येते. रहस्यकथेचा वाचक लेखकाकडे एक हक्काची मागणी घेऊन बसलेला असतो: धागेदोरे सगळे दाखव, उलगडा होतो का ते मी बघतो. अद्भुतकथेत मात्र काहीही घडू शकतं. आतून कडी लावलेल्या खोलीत खून झाला आणि शेवटच्या पानावर कळलं की खुनी भिंतीतून जाऊ शकत होता, तर वाचक चिडतो. त्याचं चिडणं रास्तच आहे.

या दोन प्रकारांचं वैर जुनं आहे. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले धर्मगुरू, आणि रहस्यकथालेखकही. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला दुसराच नियम असा की अलौकिक शक्तींना कथेत थारा नाही. पण त्याच यादीत आणखी दोन नियम आहेत: गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, आणि तपास करणाऱ्याला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. हे दोन नियम काटेकोरपणे पाळले तर दुसरा नियम मोडायला हरकत नाही, असं माझं ठाम मत आहे. भिंतीतून जाणारा प्राणी पहिल्या प्रकरणात भिंतीतून जाताना दिसला असेल, तर लेखकावर अन्यायाचा आरोप कोण करणार?

त्यामुळे पुढचं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं. प्राण्याला काय करता येतं यापेक्षा त्याला काय करता येत नाही, यातून रहस्य उभं करायचं.

सुरुवात मर्यादेपासून

नव्यानं लिहिणारे बहुतेक जण प्राण्याच्या शक्तींची यादी करायला बसतात. उडतो, अदृश्य होतो, मनातलं ओळखतो, रूप बदलतो. यादी वाढते तशी मजा येते, पण तपास सैल पडत जातो. रूप बदलणारा प्राणी कथेत आला की "मी त्याला दारात उभा असलेला पाहिला" या जबाबाला काही किंमतच उरत नाही. कुणीही कुणीही असू शकतो, मग संशय घ्यायचा कुणावर?

याच प्राण्याला एक बंधन घालून बघा. रूप बदललं तरी डोळ्यांचा रंग बदलत नाही, एवढंच. आता साक्षीदार किती अंतरावर होता, दिव्याचा उजेड कुठून पडत होता, त्यानं डोळे पाहिले की नुसता अंगरखा पाहून ओळखलं, हे सगळे प्रश्न जिवंत झाले. एका बंधनानं तपासाला काम मिळालं.

वेताळ पंचविशीची रचना या नजरेनं पुन्हा पाहण्यासारखी आहे. राजानं तोंड उघडलं तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिला तर राजाच्या डोक्याची शकलं होणार. दोन्ही नियम साधे आहेत. पण ते एकमेकांविरुद्ध उभे केल्यामुळे राजा दोन्हीकडून अडकतो, आणि एवढ्या पेचावर पंचवीस कथा तोलल्या जातात. वेताळाला उडता येतं की नाही, त्याचे दात केवढे, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नसतं.

तेव्हा प्राणी निवडताना आधी त्याची अडचण शोधा. पहिल्या कथेत एकच प्राणी ठेवा. दुसरा आणायचाच असेल तर त्याला एकच गुण द्या आणि साक्षीदारापुरता ठेवा.

नियमांचा कागद

कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी एका कागदावर प्राण्याचे नियम उतरवा. त्याला काय जमतं, काय अजिबात जमत नाही, जे जमतं त्याची किंमत काय (थकवा, वेदना, वेळ, खुणा), आणि या सगळ्यातलं कथेतल्या कुणाला किती ठाऊक आहे. नियम पाच-सहा ओळींत मावत नसतील तर प्राणी फार अवजड झाला आहे, त्याला छाटा.

"कुणाला किती ठाऊक" हा भाग बरेच जण सोडून देतात, आणि रहस्यासाठी तोच सर्वांत उपयोगाचा असतो. नियम सगळ्यांना ठाऊक असेल तर गुन्हेगार त्याच्या आडोशानं स्वतःला निर्दोष दाखवू शकतो. अर्धवट ठाऊक असेल तर साक्षीदार प्रामाणिकपणे चुकीचं सांगू शकतो. आणि नियम फक्त त्या प्राण्याच्या जमातीलाच ठाऊक असेल, तर जमातीबाहेरचा कुणी तो नियम वापरून बसला की स्वतःच उघडा पडतो.

लोककथेतले प्राणी घेतले तर वाचक काही नियम घरूनच घेऊन येतो. हडळीचे पाय उलटे असतात हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. त्यामुळे घरातून बाहेर जाणारी पावलं म्हणजे प्रत्यक्षात आत आलेली हडळ, हा उलगडा शेवटासाठी राखून ठेवू नका. वाचक तो पहिल्याच पानावर करेल. तो दिशाभुलीसाठी वापरा. गावकऱ्यांनी पावलं पाहून हडळीवर आळ घ्यावा आणि खऱ्या गुन्हेगारानं नुसतं उलटं चालत बाहेर पडावं. वाचकाला जे आधीच ठाऊक आहे त्याच्याच आधारानं त्याला चकवता आलं तर तो रागावत नाही, उलट खूश होतो.

युरोपातल्या दंतकथांतला व्हॅम्पायर घ्या. आमंत्रणाशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही, ही समजूत जगभर पसरलेली आहे. असा खून घडला की खुनी कोण हे दातांच्या खुणांवरून दुसऱ्या मिनिटाला कळतं. तपास सुरू होतो तो पुढे: त्याला "आत ये" कोण म्हणालं? त्या घरात चार माणसं राहतात आणि चौघंही म्हणतात, मी नाही. माझ्या मते हा नुसत्या "खून कुणी केला"पेक्षा कितीतरी चांगला प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर माणसाच्या मनात दडलेलं आहे.

विज्ञानकथेतही हीच अडचण होती. संपादक जॉन कॅम्पबेल यांचं म्हणणं असं की विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदू शकत नाहीत, कारण तपास करणारा ऐन वेळी एखादं भविष्यातलं यंत्र खिशातून काढेल. आयझॅक असिमोव्ह यांनी हे खोडून काढलं ते यंत्रमानवाला आधी नियमांत बांधून. यंत्रमानवाचे तीन नियम त्यांनी १९४२ मधल्या एका कथेत स्पष्ट शब्दांत मांडले, मग पुढच्या कितीतरी कथांची कोडी त्याच नियमांच्या सांध्यांतून काढली, आणि १९५४ मध्ये माणूस तपासनीस व त्याचा यंत्रमानव जोडीदार यांची रहस्यकादंबरी पुस्तकरूपात आली. अद्भुत प्राण्यांबाबतही हाच रस्ता आहे. नियम आधी उघड मांडा, मग त्यांच्या फटी शोधा.

"मग सरळ असं का नाही केलं?"

नियमांचा कागद तयार झाला की तो समोर ठेवून स्वतःला हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा. तुमच्या जगात भुतं बोलतात? मग मेलेल्यालाच सरळ का विचारलं नाही, तुला कुणी मारलं? खरं बोलायला लावणारा मंत्र आहे? मग चारही संशयितांवर तो का टाकला नाही? प्राणी उडतो? मग तो जिन्यानं का आला?

प्रत्येक प्रश्नाला कथेच्या आतून उत्तर पाहिजे, आणि ते उत्तर प्रश्न निर्माण होण्याआधी वाचकाला मिळालेलं पाहिजे. बोलणाऱ्या भुताचंच घ्या. भुताला मरणाआधीचा शेवटचा प्रहर आठवत नाही, असं ठरवता येईल. किंवा आठवतं सगळं, पण भूत जिवंतपणी होतं तेवढंच खोटारडं राहतं. किंवा भूत बोललेलं न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे तपासनीसाला नाव पहिल्या दिवशी कळतं पण ते सिद्ध करायला पूर्ण कथा लागते. मला यातला तिसरा मार्ग सर्वांत आवडतो. त्यात जादू तपास संपवत नाही, उलट सुरू करून देते.

प्रश्नाला उत्तर सापडत नसेल तर ती शक्ती काढून टाका. तिच्यावाचून कथा मरत नाही.

एक गुन्हा शेवटाकडून रचून बघू

आता हे सगळं एका उदाहरणात. आपण एक प्राणी कल्पू: आरपारी. दिसायला माणसासारखे, पण भिंतीतून चालत जाणारे. मर्यादा अशी की फक्त सजीव गोष्टच भिंतीतून जाते. निर्जीव वस्तू हातात असली तर भिंतीशीच गळून पडते. म्हणून आरपारी सुती-रेशमी कपडे घालत नाहीत. जिवंत शेवाळाचा अंगरखा घालतात.

रहस्य शेवटाकडून रचायचं असतं. म्हणजे आधी खरं काय घडलं ते ठरवायचं, मग ते झाकायचं कसं ते. खरं असं घडलं: जुने नकाशे जमवणारा एक म्हातारा मनोऱ्यातल्या वरच्या खोलीत राहतो. त्याच्याकडे दिवे लावायला येणारी एक आरपारी स्त्री आहे, तिला दिवेवाली म्हणू. तिला कळतं की म्हातारा एक नकाशा विकणार आहे, आणि त्या नकाशात तिची जमात जिथे लपून राहते ते डोंगर दाखवलेले आहेत. रात्री ती शेजारच्या गच्चीवरून भिंतीतून आत येते आणि त्याचा गळा आवळून त्याला मारते.

कशानं आवळते? हातांनी आवळला असता तर बोटांचे वळ उठले असते. आणि आतून कडी लावलेल्या खोलीत शिरू शकणारी ती एकटीच, म्हणजे लगेच पकडली गेली असती. खोलीतलीच एखादी चादर वापरली असती तरी तेच. म्हणून ती गच्चीतल्या बागेतली जाड हिरवी वेल तोडून आणते. तोडलेली वेल सुकेपर्यंत जिवंत असते, त्यामुळे ती तिच्याबरोबर भिंतीतून येते आणि परतही जाते.

आता बाहेरून काय दिसतं ते बघा. मानेवर दोरीचा असावा तसा बोटभर जाडीचा गुळगुळीत वळ, खोलीत त्याला जुळणारी एकही वस्तू नाही, दाराला आतून कडी. माणसाकडे दोरी असू शकते पण तो आत येऊ शकत नाही. आरपारी आत येऊ शकते पण दोरी आणू शकत नाही. दोन्ही बाजू सुटल्या. हा पेच प्राण्याच्या मर्यादेतून आलाय, आणि दिवेवालीनं तो जाणूनबुजून वापरलाय. सगळ्यांना ठाऊक असलेला नियम हीच तिची ढाल.

इथे थांबून भोकं शोधायची. मला दिसणारं सर्वांत मोठं भोक असं: आरपारी आत येऊन आतून कडी काढेल, दोरी घेतलेला माणूस दारानं आत येईल, काम झाल्यावर तो निघून जाईल आणि आरपारी पुन्हा कडी लावून भिंतीतून बाहेर पडेल. हुशार वाचकाला हे सुचणारच. मग जिन्याच्या पायथ्याशी पहारेकरी बसवा, ज्याला चुकवून वर जाता येत नाही. गच्चीकडच्या भिंतीला दार-खिडकी काही ठेवू नका. भोक बुजवायला तुम्ही आणलेलं पात्र निव्वळ बूच म्हणून राहू नये, त्याला दुसरंही काम द्या. पहारेकऱ्याचं दुसरं काम पुढे येईल.

धागे कुठे आणि कसे ठेवायचे

वाचकाला उलगड्यासाठी दोन गोष्टी कळायला हव्यात: जिवंत वनस्पती भिंतीतून जाते, आणि तोडल्यावरही सुकेपर्यंत जाते. या दोन्ही खुनाच्या आधी, त्याच्या डोळ्यांदेखत, पण दुसऱ्याच कारणानं घडल्या पाहिजेत.

पहिली शेवाळाच्या अंगरख्यात आलेलीच आहे. वाचक तो अंगरखा त्या जगातलं वर्णन म्हणून वाचतो. अद्भुतकथेत वर्णनाची सवय असल्यामुळे वाचक तिथे बेसावध असतो, आणि या मिश्र प्रकाराची ही फार मोठी सोय आहे. साध्या रहस्यकथेत लेखकानं कपड्यांवर चार ओळी खर्च केल्या की वाचक सावध होतो. इथे होत नाही.

दुसरी थोडी नाजूक आहे. समजा म्हाताऱ्याच्या पुतण्याला दिवेवाली आवडते. सकाळी तो तिला एक फूल देतो, ती ते कानामागे खोचून भिंतीतून निघून जाते. संध्याकाळी ती परत येते, भिंत ओलांडते, आणि कोमेजलेलं फूल पलीकडेच गळून पडतं. पुतण्या जिन्याला वळसा घालून जातो आणि ते उचलून खिशात ठेवतो. वाचक हा प्रसंग पुतण्याच्या प्रेमाचा म्हणून वाचेल, शिवाय त्याला वाटेल की पुतण्याच तिच्यासाठी काहीतरी करून बसला असावा. नियम मात्र पुरता सांगून झाला आहे: ताजं फूल भिंतीतून गेलं, सुकलेलं गेलं नाही.

तिसरा धागा खुनाच्या जागी: म्हाताऱ्याच्या गळपट्टीखाली अडकलेलं एक पान. तो रोज संध्याकाळी बागेत फिरायचा, त्यामुळे पंचनाम्यात त्याची नोंद होते आणि कुणी लक्ष देत नाही.

महत्त्वाचा धागा कधीही परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नका, वाचकाची नजर तिथे रेंगाळते. तो मधे ठेवा आणि लगेच पुढे काहीतरी भावनिक किंवा गडबडीचं घडू द्या. आणि प्रत्येक धाग्याला एक खरं वाटणारं साधं स्पष्टीकरण द्या. पानाला बाग, फुलाला प्रेम, अंगरख्याला जमातीची रीत.

साक्षीदार प्राणी असेल तेव्हा

या प्रकारातलं सर्वांत सुपीक रान हेच आहे, असं मला वाटतं. प्राण्याची इंद्रियं वेगळी असतील तर त्याचा जबाबही वेगळा असणार. जो उष्णता पाहतो पण रंग पाहत नाही, जो जमिनीतल्या कंपनांवरून पावलं ओळखतो, ज्याला एक दिवस आणि एक वर्ष यांत फरक कळत नाही, अशांची साक्ष खरी असूनही माणसाला चुकीच्या वाटेनं नेते. कुणी खोटं बोलत नाही आणि तरी सत्य झाकलेलं राहतं.

ज्या कथेपासून आधुनिक गुप्तहेरकथा सुरू झाली असं बहुधा मानलं जातं, त्या एडगर अ‍ॅलन पो यांच्या १८४१ मधल्या कथेत याची उलटी बाजू आहे. तिथे गुन्हा करणारा माणूस नसून ओरांगउटान आहे, आणि साक्षीदार माणसं आहेत. बंद खोलीतून ऐकू आलेला कर्कश आवाज प्रत्येकाला परक्या भाषेतला वाटतो, आणि ती भाषा नेमकी अशी की जी त्या साक्षीदाराला स्वतःला येत नाही. सगळे जबाब एकमेकांना छेद देतात, आणि त्या विसंगतीतूनच आवाज माणसाचा नसल्याचं निघतं. विसंगती हाच पुरावा, हे तंत्र आजही तितकंच चालतं.

आपला जिन्याखालचा पहारेकरी आता घेऊ. तो हुंग्या जमातीचा आहे: जवळजवळ आंधळा, पण वासावर जगणारा. त्याचा जबाब असा लिहिता येईल:

"रात्री जिन्यावरून कोण गेलं?"

"कुणीच नाही, बाई. गेलं असतं तर मला वास आला असता."

"डोळा लागला असेल तुमचा."

"डोळा लागतो. नाक जागं असतं."

"बरं. वरून कसला वास आला?"

"शाईचा. तो रोजचाच. मध्यरात्र उलटली तेव्हा दाराच्या फटीतून हिरवा वास आला."

"शेवाळाचा?"

"शेवाळ मातीसारखं येतं. हा चिकाचा होता. देठ मोडल्यावर येतो ना, तसा."

तपासनीसबाईंनी वहीत लिहिलं: दिवेवालीचा अंगरखा शेवाळाचा आहे. मग त्यांनी पान उलटलं आणि पुतण्याला आत बोलावलं.

पहारेकऱ्यानं सगळं सांगून टाकलं आहे. तपासनीसबाईंनीही ते ऐकलं, पण शेवाळ आणि चीक यांतला फरक त्यांच्या लेखी किरकोळ होता, म्हणून त्यांनी वहीत आपल्या समजुतीचं लिहिलं. वाचक बहुधा त्यांच्याबरोबर जाईल. शेवटी हाच संवाद पुन्हा आठवून देता येतो, एक अक्षरही न बदलता. आणि पाहा, ज्या पात्राला आपण भोक बुजवायला आणलं होतं त्याच्याकडे आता कथेतला सर्वांत मोलाचा धागा आहे.

तपास करणारा कोण?

पहिल्या कथेसाठी शक्ती नसलेला तपासनीस घ्या. त्याला प्राण्यांबद्दल प्रश्न विचारावे लागतात, आणि त्या प्रश्नांतून वाचकाला नियम कळतात. मन वाचणारा किंवा भूतकाळ पाहणारा तपासनीस आकर्षक वाटतो, पण त्याला आवर घालण्यातच तुमची अर्धी पानं जातील.

तपासनीस स्वतःच एखादा प्राणी असावा असं वाटत असेल तर त्याची शक्ती अशी ठेवा की ती माहिती देते, निष्कर्ष देत नाही. यक्ष तपासनीस समजा कुठलीही वस्तू हातात घेऊन ती शेवटची कुणाच्या हातात होती ते सांगू शकतो. चाकू शेवटचा स्वयंपाकिणीच्या हातात होता. बरं, मग? तिनं तो खुनानंतर घाबरून उचलला की खुनासाठी? विचार त्याला करावाच लागतो.

प्राण्याचा हेतू

गुन्हा प्राण्यानं केला असेल तर तो "जातच तशी" म्हणून केलेला नसावा. तसं झालं की तपासाला अर्थ राहत नाही, आणि कथेतून एक ओंगळ विचारही डोकावू लागतो. दिवेवालीला राग किंवा रक्ताची तहान नाही. तिला आपली माणसं वाचवायची आहेत. तिचा हेतू आरपारी असण्यातूनच येतो, पण तो समजायला आरपारी असावं लागत नाही.

याच्याच जोडीला त्या जगाचा कायदा थोडा ठरवून ठेवा. आरपाऱ्यांना शिक्षा कशी देतात? भिंतींचा तुरुंग त्यांना कसा अडवणार? याचं उत्तर कथेत दोनच ओळी घेईल, पण गुन्हा उघड होण्याची भीती किती खरी आहे ते त्यावर ठरतं. हजार वर्षं जगणाऱ्याला दहा वर्षांच्या कैदेची धास्ती कशाला वाटेल? मग तो गुन्हा लपवेलच का?

लहान सुरुवात करायची असेल तर

आरपारीसारखी रचना पहिल्याच खेपेला जड वाटत असेल तर एकाच विसंगतीची कथा लिहा. चकवा घ्या. तुमच्या कथेत नियम असा करा की चकव्यात सापडलेला माणूस उजाडेपर्यंत सुटत नाही. एक जण सांगतो, "मला चकवा लागला होता, मध्यरात्री वाट सापडली तेव्हा घरी आलो." नियम आधी कुणा म्हातारीच्या तोंडून सहज येऊन गेलेला आहे. जबाब आणि नियम जुळत नाहीत, म्हणजे तो खोटं बोलतोय. एवढ्यावर आठ-दहा पानांची नेटकी कथा उभी राहते आणि त्यात हात चांगला बसतो.

उलगडा आणि त्यानंतरची तपासणी

उलगड्याच्या प्रकरणात नवा नियम सांगायचा नाही. तिथे "पण आरपाऱ्यांबद्दल एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती" असं वाक्य आलं की सगळी मेहनत वाया गेली. तपासनीसानं फक्त आधीची दृश्यं नव्या क्रमानं लावायची. फूल, अंगरखा, चिकाचा वास, पान. शक्य असेल तर बोलण्याऐवजी करून दाखवू द्या: तपासनीसबाई दिवेवालीच्या हातात वेलीचा ताजा तुकडा देतात आणि म्हणतात, "आता भिंतीपलीकडे जाऊन दाखवा." दिवेवाली जागची हलत नाही. तिनं नकार दिला, इथेच तिचा जबाब झाला.

लांबी आटोक्यात ठेवा. उलगडा कथेच्या सुमारे दहाव्या हिश्श्यापेक्षा लांबत असेल तर बहुधा धागे आधी नीट रोवलेले नाहीत आणि तुम्ही तिथे समजावत बसला आहात.

मसुदा पूर्ण झाला की नियमांचा कागद पुन्हा काढा. प्रत्येक नियमासमोर तो वाचकाला पहिल्यांदा कुठल्या पानावर कळला ते लिहा. उलगड्याला लागणारा एखादा नियम निम्म्या कथेनंतर येत असेल तर त्याला मागे न्या. मग उलट बाजूनं बघा: कागदावर असलेला पण कथेत काहीच काम न करणारा नियम खोडा, कितीही सुंदर असला तरी.

त्यानंतर दोन-तीन विश्वासू वाचकांना कथा द्या, पण उलगड्याच्या आधीच्या पानापर्यंतच. त्यांना दोन प्रश्न लिहून उत्तरं द्यायला सांगा: कुणी केलं, आणि कसं केलं. "कुणी" ओळखलं गेलं तर फारसं बिघडत नाही. "कसं" सगळ्यांनीच ओळखलं तर एखादा धागा जास्त ठळक झालाय, तो शोधा. मग उरलेली पानं द्या आणि वाचून झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय येतं ते ऐका. "अरे, ते फूल!" असं कुणी म्हणालं तर कथा पाठवायला तयार आहे. "हे आधी कुठे सांगितलं होतं?" असं विचारलं तर त्याला पान दाखवून वाद घालू नका. त्या पानावर जा, तो प्रसंग आणखी दोन वाक्यांनी उजळा, आणि दुसऱ्या वाचकाला द्या.